बालकावरील अत्याचाराची वर्दी : शिक्षकाची जबाबदारी

गावातील प्राथमिक शिक्षक दिवसाचे पाच-सहा तास मुलांच्या सहवासात घालवितो. आईबापांखेरीज मुलाला इतक्या जवळून आणि इतका वेळ पाहणारे दुसरे माणूस गावात सहसा नसते. परिपाठाच्या रांगेत कोण मागे उभा राहिला, पोषण आहाराच्या पंगतीत कोणी ताटाला हात लावला नाही, पाटीवर लिहिताना कोणाचा हात थरथरला, हे सारे शिक्षकाच्या नजरेला आपोआप दिसते. याच नजरेवर कायद्याने एक मोठी जबाबदारी सोपविली आहे. मुलाचा छळ होत असल्याचा, विशेषतः त्याच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याचा संशय आल्यास शिक्षकाने काय करावयाचे, कोणास कळवावयाचे आणि कोणत्या गोष्टी कटाक्षाने टाळावयाच्या, याचे विवेचन प्रस्तुत पाठात करण्याचे योजिले आहे. विषय अप्रिय आहे, म्हणूनच तो टाळून चालणार नाही.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील १३ राज्यांतील १२,४४७ बालकांकडून माहिती घेऊन तो तयार करण्यात आला होता. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांनी आपल्याला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या लैंगिक छळास तोंड द्यावे लागल्याचे सांगितले, आणि असे सांगणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून कमी नव्हती. छळ करणारे बहुधा ओळखीचे व विश्वासातले लोक होते आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. या निष्कर्षांतून शिक्षकाने दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. 'आमच्या गावात असे घडत नाही' हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणासही नाही. आणि मूल आपण होऊन येऊन सांगेल, या भरवशावर राहता येत नाही.

१. कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. 'पोक्सो' या नावाने तो सर्वपरिचित आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याने बालक होय; त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, असा अपराध घडला आहे हे ज्याला माहीत आहे, किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलिसांस दिली पाहिजे. येथे 'द्यावी असे अपेक्षित आहे' अशी भाषा नसून 'दिली पाहिजे' अशी आहे. माहिती न देणाऱ्यास २१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा असा अपराध कळविला नाही, तर त्याच्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. प्रत्येक मुख्याध्यापकाने हे वाक्य दोनदा वाचावे.

कायद्याने सांगणाऱ्यास संरक्षणही दिले आहे. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कोणतीही जबाबदारी येत नाही. एखाद्याचा अपमान करण्याच्या, त्याला धमकावण्याच्या, बदनाम करण्याच्या किंवा त्याच्याकडून काही उकळण्याच्या हेतूने रचलेली खोटी तक्रार मात्र शिक्षेस पात्र आहे. संशय पुढे निराधार ठरला, एवढ्यावरून प्रामाणिक शिक्षक दोषी ठरत नाही.

लैंगिक अत्याचारावाचूनही छळ असतो. मुलाला चटके देणे, उपाशी ठेवणे, निर्दयपणे मारणे, टाकून देणे, ही क्रूरता बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५ व्या कलमाखाली येते. अशा मुलास बालकल्याण समितीपुढे नेण्याचा अधिकार ज्या व्यक्तींना दिला आहे त्यांत लोकसेवकाचा समावेश आहे, आणि जिल्हा परिषदेचा शिक्षक हा लोकसेवकच होय.

२. कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे

शरीरावरील खुणा तुलनेने लवकर दिसतात. एकाच प्रकारचे वारंवार उठणारे वळ, विडी-सिगारेटच्या चटक्यासारखे गोल डाग, बसताना किंवा चालताना होणारा त्रास, लघवीच्या जागी दुखत असल्याची तक्रार, आणि विचारल्यावर दर वेळी निराळे मिळणारे कारण, यांची नोंद मनात घ्यावी. वागणुकीतील बदल ओळखण्यास अधिक सावधपणा लागतो. बोलके मूल एकाएकी अबोल होते; अभ्यासात बरे असलेले मूल अक्षर गिरवीनासे होते; मोठे मूल पुन्हा कपडे ओले करू लागते; एखादे मूल शाळा सुटली तरी घरी जाण्याचे टाळते; एखादे विशिष्ट माणूस न्यावयास आले की पांढरेफटक पडते; वयास न शोभणारे लैंगिक बोलणे किंवा खेळ करू लागते; कोणीतरी दिलेले पैसे व खाऊ लपवू लागते.

यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे अत्याचार झालाच, असे मात्र समजू नये. भूक, आजार, घरातील भांडण, आईबापांचे स्थलांतर, यांमुळेही मूल कोमेजते. खुणांचा अर्थ एवढाच, की या मुलाकडे आता अधिक जवळून पाहिले पाहिजे. तारीख घालून आपले निरीक्षण टिपून ठेवावे. अनेक खुणा एकत्र येऊ लागल्या किंवा मूल स्वतः बोलू लागले, की पुढील पाऊल टाकण्याची वेळ आली.

३. मूल बोलू लागले म्हणजे

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावातील चौथीची मुलगी. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीस गेले आहेत आणि ती नात्यातल्या एका घरी राहत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळा सुटल्यावरही ओट्यावर बसून राहू लागली. एके दिवशी बाईंनी विचारले, "का गं, घरी जायचं नाही का?" तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाला सांगणार नसाल तर सांगते."

या क्षणी बाई काय म्हणतात यावर त्या मुलीचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असू शकते. 'नाही गं, कोणाला नाही सांगणार' हे उत्तर जिभेवर येते, पण ते देऊ नये. कारण तो शब्द पाळता येणार नाही, आणि एकदा विश्वास मोडला की मूल पुन्हा बोलणार नाही. बाईंनी म्हणावे, "तू सांग. तुला मदत करायची तर एक-दोन मोठ्या माणसांना मला सांगावं लागेल. पण गावभर मी होऊ देणार नाही."

मग ऐकावे. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत ऐकावे, मध्ये तोडू नये. 'त्याने असे केले का, तसे केले का' अशा रीतीने उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत. 'मग काय झालं?' 'तुला आणखी काही सांगायचं आहे का?' एवढे पुरे. 'तू तेव्हाच का नाही बोललीस?' हा प्रश्न तर कधीच विचारू नये, कारण त्यात दोष मुलीच्या पदरी बांधला जातो. आपला राग, धक्का किंवा अश्रू आवरावेत. गुरुजी किंवा बाई घाबरल्या असे दिसले तर मूल गप्प होते. शेवटी तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही, आता तुला सुरक्षित ठेवण्याचे काम आम्हां मोठ्यांचे आहे.

मूल गेल्यावर लगेच कागद घेऊन तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे नेमके शब्द लिहून काढावेत. मुलाने गावठी किंवा बोबडा शब्द वापरला असेल तर तोच लिहावा, त्याचे शुद्ध मराठी करू नये. आपला तर्क निराळा ठेवावा. तीच हकीकत सांगण्यास मुलाला मुख्याध्यापकांपुढे, मग समितीपुढे, मग आणखी कोणापुढे उभे करू नये. प्रत्येक वेळी त्याची जखम पुन्हा उघडी होते, आणि वारंवार सांगून हकीकतीत पडलेल्या फरकाचा फायदा पुढे न्यायालयात आरोपीस मिळतो. मुलाच्या अंगावरील खुणांची छायाचित्रे काढू नयेत. घटना ताजी असेल तर मुलास अंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. वैद्यकीय तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदलेला असलाच पाहिजे, अशी कायद्याची अट नाही; मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरने करावयाची असते.

४. वर्दी कोठे व कशी द्यावी

येथे पुष्कळ शिक्षकांची एक गैरसमजूत आढळते. मुख्याध्यापकांना सांगितले, त्यांनी केंद्रप्रमुखांस कळविले, म्हणजे आपले काम झाले, असे त्यांना वाटते. वरिष्ठांस कळविणे हा सेवेतील शिस्तीचा भाग आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली काढलेल्या आदेशानेही अनुचित प्रकार २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांस कळविणे शाळाप्रमुखावर बंधनकारक केले आहे. परंतु पोक्सो कायद्याने सांगितलेली वर्दी ही पोलिसांकडे द्यावयाची आहे. वरिष्ठांच्या परवानगीची अट कायद्यात कोठेही नाही. मुख्याध्यापक रजेवर असोत, की 'थोडे थांबा' म्हणत असोत, ज्या शिक्षकास माहिती झाली त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

वर्दी तोंडी देता येते. लेखी दिल्यास अधिक बरे. मुलाचे नाव, वय व इयत्ता, काय कळले, केव्हा कळले, कोणाकडून कळले आणि मूल या घटकेस कोठे आहे, एवढा मजकूर पुरेसा आहे. पोलिसांनी तिला नोंद क्रमांक द्यावयाचा, ती लिहून घ्यावयाची आणि देणाऱ्यास वाचून दाखवावयाची असते. तो क्रमांक आपल्याजवळ टिपून घ्यावा. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाला तर ती माहिती लेखी स्वरूपात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. नोंद न करणे हाही या कायद्याने अपराधच आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठविणे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ नुसार योग्य नाही. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी माहिती नोंदवून घ्यावयाची असते.

पोलीस पाटलाचे साहाय्य अवश्य घ्यावे, पण त्याला सांगून थांबू नये. ठाणे दूर असेल, रस्ता तुटला असेल, किंवा काय करावे हेच सुचत नसेल, तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस व विनामूल्य उपलब्ध आहे. तातडीच्या धोक्यात ११२ हा क्रमांक फिरवावा. मुलाला त्या रात्री त्याच घरी परत पाठविणे धोक्याचे असेल तर ते वर्दीत ठळकपणे सांगावे. अशा मुलाची २४ तासांच्या आत काळजी व संरक्षणाची व्यवस्था करणे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि तितक्याच अवधीत त्यांनी बालकल्याण समितीस कळवावयाचे असते.

वयाचा प्रश्न पुढे महत्त्वाचा ठरतो. वय ठरविण्याच्या पुराव्यांत बाल न्याय अधिनियमाने शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या दाखल्याचा प्रथम उल्लेख केला आहे. प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरात अंदाजे घातलेली तारीख एखाद्या मुलीच्या न्यायाच्या आड येऊ शकते, हे लक्षात ठेवून त्या नोंदी आधाराच्या कागदावरूनच कराव्यात.

५. आड येणारे विचार

वर्दी देताना शिक्षकाचे मन अडखळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'पुरावा कोठे आहे?' पुरावा गोळा करणे पोलिसांचे व पारखणे न्यायालयाचे काम आहे. शिक्षकाने स्वतः चौकशी आरंभली, संशयितास बोलावून जाब विचारला, तर पुरावा नष्ट होण्याचा व मुलावर दडपण येण्याचा धोका असतो.

'मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे.' अब्रू जावयाची तर अपराध करणाऱ्याची. शिवाय मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब किंवा शाळा प्रसिद्धी माध्यमांतून उघड होऊ नये अशी कायद्याची सक्त तरतूद आहे. शिक्षकांच्या व पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक ओळही पडू देऊ नये.

'गावात राहावयाचे आहे. माणूस वजनदार आहे.' ही अडचण खरी आहे आणि शिक्षकास तिचा त्रास होऊ शकतो. म्हणून एकट्याने धीर धरण्यापेक्षा विश्वासू सहकाऱ्यास बरोबर घ्यावे, वर्दीची प्रत वरिष्ठांस पाठवावी, १०९८ चा आधार घ्यावा. परंतु तोच वजनदार माणूस त्या मुलीच्या शेजारी राहतो, आणि तिला बदलीचा अर्ज करता येत नाही, हेही विसरू नये.

'गावकीत बसून मिटवू.' अशा बैठकीत मिटते ते मोठ्यांचे भांडण. मुलाचा छळ मिटत नाही. पैसे घेऊन समेट करणे किंवा मुलीचे घाईने लग्न उरकणे, या दोन्ही गोष्टी एका अपराधावर दुसरा अपराध चढविणाऱ्या आहेत. अशा लग्नाची कुणकुण लागल्यास बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकास ताबडतोब कळवावे.

न कळविणे ही किरकोळ चूक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहातील मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असून ती न कळविल्याचा आरोप एका वैद्यकीय व्यावसायिकावर होता. त्याच्याविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि न कळविणे हा गंभीर अपराध असल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे बालवर्गातील दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा वेळेवर वर्दी न दिल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदविण्यात आला.

६. संशय आपल्यापैकीच एखाद्यावर असेल तर

हा सर्वांत कठीण प्रसंग. शाळेतील कर्मचाऱ्याने शाळेतल्या मुलावर केलेला अत्याचार कायद्याने अधिक गंभीर मानला आहे आणि त्याची शिक्षाही अधिक कडक आहे. अशा वेळी 'शाळेचे नाव खराब होईल', 'बिचाऱ्याची नोकरी जाईल', असे विचार मुख्याध्यापकाच्या मनात येतात. समज देऊन, माफीनामा लिहून घेऊन किंवा गुपचूप बदली करून प्रकरण संपविणे म्हणजे दुसऱ्या गावच्या मुलांकडे तोच धोका पाठविणे होय. वर्दी देणे हाच एक मार्ग. सहकारी निर्दोष असेल तर तेही रीतसर तपासातूनच सिद्ध व्हावे.

७. वर्दीनंतर

पोलीस मुलाचा जबाब घेतात तेव्हा तो मुलाच्या घरी किंवा त्याने निवडलेल्या जागी, शक्यतो स्त्री पोलीस अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईबाप किंवा मुलाचा ज्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या समक्ष घ्यावयाचा असतो. ती विश्वासाची व्यक्ती कदाचित त्या मुलाच्या बाईच असतील. बोलावणे आल्यास टाळू नये. आर्थिक साहाय्य व पुनर्वसनासाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येते.

शाळेत मुलाचे स्थान पूर्ववत राहिले पाहिजे. त्याच्याकडे दयेने टक लावून पाहू नये, वर्गात विषय निघू देऊ नये, गैरहजेरी वाढली म्हणून पट कमी करू नये, आणि 'दाखला घेऊन जा' असे पालकांस सुचवू नये. रोजचा फळा, रोजची कविता, खेळाचा तास आणि आपली नेहमीची जागा, यांचा अशा मुलाला मोठा आधार असतो.

८. आधीची तयारी

वर्दीपूर्वीचे काम रोजचे आहे. तक्रारपेटी भिंतीवर असून भागत नाही. ती ठरल्या दिवशी उघडली जाते हे मुलांना दिसले पाहिजे. सखी सावित्री समिती कागदावर न राहता तिच्या बैठका व्हाव्यात. १०९८ हा क्रमांक फळ्याशेजारी, मुलांच्या उंचीवर रंगवावा. अंगाला नकोसा वाटणारा स्पर्श कोणीही केला, मग तो घरचा असो वा दारचा, तर 'नको' म्हणावे, तेथून निघून यावे आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे, हे पहिलीपासून साध्या शब्दांत शिकवावे.

आणि एक गोष्ट आपल्याविषयीची. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. ज्या गुरुजींच्या हातात छडी आहे त्यांच्याजवळ मूल आपले दुःख घेऊन जात नाही. चुकल्यावर जेथे रागे भरत नाहीत, रडल्यावर जेथे हसत नाहीत, तेथेच मूल तोंड उघडते. ज्या दिवशी एखादी मुलगी ओट्यावर बसून 'बाई, एक सांगू का?' असे विचारते, तो दिवस अनेक महिन्यांच्या अशा वागणुकीने मिळविलेला असतो. त्या दिवशी आपण ऐकले, आणि ऐकून योग्य ठिकाणी कळविले, तर आपल्या पदाचे सार्थक झाले असे समजावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेचे पोलीस ठाणे, विशेष बाल पोलीस पथक आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती कोठे आहे? त्यांचे क्रमांक शाळेत लावले आहेत काय?

२. मुलाने 'कोणाला सांगू नका' अशी अट घातल्यास आपण त्याला कोणत्या शब्दांत उत्तर द्याल?

३. मुख्याध्यापकांनी 'दोन दिवस थांबा' असे सांगितल्यास साहाय्यक शिक्षकाचे कर्तव्य कोणते? कारणांसह सांगा.

४. पाठातील उदाहरणातील मुलीचे आईबाप कारखान्यावर आहेत. त्यांना केव्हा, कसे व कोणामार्फत कळवावे, यावर विचार करा.

५. आपल्या शाळेतील तक्रारपेटी शेवटची केव्हा उघडली गेली?